दोन पानी ना-हरकत

शुक्रवारची दुपार. जेवून अख्खी बिल्डिंग निपचित पडलेली. खालची मांजरं पार्किंगमधल्या गाड्यांखाली सावलीला गेलेली. लिमयांच्या घरातला एसीसुद्धा क्षणभर दम खायला थांबला होता. तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, खट्ट.

शुभ्राची पापणी हलली. विभावरीने थोपटणारा हात तसाच हवेत धरला. पुन्हा एकदा, खट्ट.

तो आवाज सूर्यकांतच्या स्टेपलरचा होता. सूर्यकांत लिमये शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपांच्या कारखान्यात ॲडमिन ऑफिसर होता, आणि त्याच्या मते जगात दोनच प्रकारचे कागद असतात, स्टेपल केलेले आणि हरवलेले. गॅसची पावती, शुभ्राचं प्रोग्रेस कार्ड, सासूबाईंनी मिरजेहून पाठवलेल्या कुरडयांची पिशवी, जे म्हणून सुटं दिसेल त्याला त्याने आजवर टाचलं होतं. त्याने एखादा कागद टाचला की विषय संपला. त्यामुळे आज त्याने जे टाचलं ते काय आहे, हे विभावरीला उठून बघायची गरज नव्हती. ती तरीही उठली.

"अहो, झालं?"

"झालं. टू पेजेस. तीन सेट. एक एम्बसीला, एक तुला, एक आपल्याला."

'तुला' आणि 'आपल्याला' असे दोन वेगळे सेट का, हे तिने विचारलं नाही. आनंदात माणूस बारीकसारीक चौकशा करत नाही.

गोष्ट अशी की बेल्जियममधल्या घेंट नावाच्या जुन्या गावातून तिला पत्र आलं होतं. जुने कागद दुरुस्त करायचा नऊ महिन्यांचा कोर्स, राहण्याजेवण्यासकट स्कॉलरशिप, वर्गात जागा फक्त आठ. लग्नाआधी पुण्यात असताना विभावरी पोथ्या दुरुस्त करायची. कसरीने खाल्लेलं पान, पाण्याने चिकटलेलं पान, उंदराने विद्वत्ता दाखवलेलं पान, सगळं तिच्या हाताखालून जायचं. लग्नानंतर सात वर्षं तिच्या हाताखालून दुसऱ्या गोष्टी गेल्या. त्यांची यादी देण्याचं कारण नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. दुपारी मूल झोपलं की मिळणाऱ्या पाऊण तासात तिने तो अर्ज भरला होता. लागले दोन महिने. आता ती त्या आठांतली एक होती, सत्तावीस सप्टेंबरला वर्ग सुरू होणार होता, आणि तिच्या आणि घेंटच्या मध्ये फक्त एक एनओसी उभी होती.

या एनओसीबद्दल थोडं सांगायला हवं. इथे नवरा नुसता नवरा नसतो, तो स्पॉन्सर असतो. विभावरीच्या पासपोर्टातल्या व्हिसावर तिचा व्यवसाय 'हाऊसवाइफ' असा छापलेला होता आणि खाली, कोणाच्या मनात काही शंका राहू नये म्हणून, 'काम करण्यास परवानगी नाही' असं लिहिलेलं होतं. ज्या बाईने पहाटे साडेपाचला दोन डबे भरलेत तिने हे वाक्य दिवसातून एकदा वाचावं, करमणूक होते. तर अशा बाईला काहीही करायचं असेल, गाडी शिकायची असेल की शिकायला जायचं असेल, तर स्पॉन्सरने लिहून द्यावं लागतं की माझी हरकत नाही. म्हणजे हरकत असते हे सरकार धरूनच चालतं. नसेल तर ती टाइप करून, सही करून, शिक्का मारून नाहीशी करावी लागते.

सूर्यकांतने कागद कोपऱ्याला धरून तिच्यापुढे केला. त्याच्या कागदांना आपण हात लावायचा नसतो, आपण नुसतं वाचायचं. पहिलं वाक्य इंग्रजीत असं होतं की मी, खाली सही करणारा, सौ. विभावरी यांचा पती आणि स्पॉन्सर, त्यांच्या शिक्षणासाठी परदेशी जाण्यास माझी काहीएक हरकत नाही.

काहीएक. सात वर्षांत या माणसाने तिला लिहिलेलं हे सगळ्यात प्रेमाचं वाक्य होतं. तिचे डोळे भरून आले आणि पुढची अक्षरं पोहायला लागली. दुसरं पान उलटायचं राहून गेलं. सूर्यकांतने तिन्ही सेट कंपनीच्या पाकिटांत सरकवले आणि पाकिटंही टाचली.

बातमी फुटायला संध्याकाळ पुरली. समोरच्या ब्लॉकमधल्या ममतावहिनी कोथिंबीर मागायला म्हणून आल्या आणि बसल्या. त्यांचे मिस्टर रुवैसच्या रिफायनरीत. बुधवारी रात्री यायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जायचे. त्यामुळे ममतावहिनींकडे आठवड्याचे पाच दिवस दुसऱ्यांच्या संसाराला द्यायला मोकळे असत.

"बेल्जियम? आरसे आणायला?"

"शिकायला जातेय, वहिनी. नऊ महिने."

"नऊ महिन्यांत काय काय होतं हे मी तुला सांगायला नको." वहिनींनी कोथिंबिरीची एक काडी मोडली. "आणि शुभ्रा? केजी टूला आहे गं ती. आता तिचा फाउंडेशन पिरियड. माझ्या बहिणीच्या जावेने असंच केलं, कॅनडाला गेली. पोरगा अजून अंगठा चोखतो. बारावीला आहे."

"शुभ्राचे बाबा आहेत ना घरात. सासूबाई येतायत. आणि तुमचे मिस्टरही पाच दिवस रुवैसलाच असतात की."

"ते नोकरीला जातात गं," ममतावहिनी फार मायेने म्हणाल्या. मंद मुलाला बेरीज शिकवताना लोक इतपत मायेने बोलतात.

सासूबाई पंधरा सप्टेंबरला मिरजेहून आल्या. दोन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा. त्यापुढे एक महिना वाढवता येतो, आणि त्यापुढे ममतावहिनींच्या मते सासूबाईंना विमानाने इराणच्या किश बेटावर पाठवून, तिथे दोन दिवस बसवून, नव्या व्हिसावर परत आणायचं. "सगळे करतात," वहिनी म्हणाल्या. चौसष्ट वर्षांच्या, सोवळ्यातल्या, पित्ताचा त्रास असलेल्या बाईला इराणी बेटावर वर्षातून तीनदा बसवायचं, ही योजना सासूबाईंना कोणी सांगायची यावर घरात एक आठवडा शांतता होती.

सूर्यकांतने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पंधरा नोव्हेंबरला लाल गोल केला. सासूबाईंनी आपली बॅग कपाटात रिकामी केलीच नाही. पलंगाशेजारी उघडी ठेवली आणि तिच्यातूनच लुगडं काढायचं, तिच्यातच ठेवायचं. "चार दिवसांची पाहुणी मी, कशाला तुमचं कपाट अडवू," असं त्या रोज म्हणत. शुभ्राला हे सगळं फार आवडलं. सूर्यकांतने तिला समजावून सांगितलं होतं की ज्यांची बॅग उघडी असते ते व्हिजिटवर असतात, ज्यांचे कपडे कपाटात असतात ते इथे राहतात. ती रोज सकाळी दूध पिऊन झालं की विचारायची, "आजी, हाऊ मेनी डेज लेफ्ट इन युअर व्हिजा?" आणि आजी "तुला घाई झालीय का गं भवाने," म्हणून तिचा पापा घ्यायच्या.

दिवस भुर्रकन गेले असं म्हणायची पद्धत आहे. हे दिवस सरपटत गेले. पदवीचं सर्टिफिकेट मुंबईला जाऊन शिक्के मारून आलं. लग्नाचा दाखला अरबीत भाषांतर करून हवा होता, तो अरबीतून पुन्हा इंग्रजीत करून हवा होता, कारण मूळ मराठीवर कोणाचाच विश्वास बसण्यासारखा नव्हता. टायपिंग सेंटरमधला शौकत दोन बोटांनी टाइप करायचा आणि वर न बघता विचारायचा.

"प्रोफेशन क्या लिखूँ, सिस्टर?"

"कॉन्झर्वेटर लिखो. किताब रिपेअर."

"व्हिसापे क्या है?"

"हाऊसवाइफ."

"तो फिर हाऊसवाइफ. खलास." आणि शौकतने हाऊसवाइफ लिहिलं. त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या मेसन, इलेक्ट्रिशियन आणि हाऊसवाइफ यांच्यात त्याने कधी भेदभाव केला नव्हता.

इकडे सूर्यकांतने घरात हँडओव्हर नोट मागितली. चेष्टा नाही. त्याच्या ऑफिसात माणूस रजेवर जाताना कामाची नोंद मागे ठेवतो. विभावरीने ती चौदा पानं लिहिली. हिंग कुठे, शुभ्राला कोणत्या कानात कापूस, शाळेच्या बसवाल्याला कोणत्या दिवशी गृहपाठाची वही दाखवायची, ताप आला तर कोणतं औषध आणि औषधाआधी कोणतं गाणं. शेवटच्या दोन पानांवर ती फार वेळ अडली, कारण त्यात तिला लिहायचं होतं की शुभ्रा झोपताना आईच्या कोपराची कातडी चिमटीत धरते आणि त्यासाठी दुसरं कोणाचं कोपर चालेल का याची तिला कल्पना नाही. ते तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. सूर्यकांतने न वाचता टाचलं.

निघायच्या आदल्या शुक्रवारी दगडू जेवायला आला. तो गुहागरकडचा, सूर्यकांतच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि महिन्यातून एकदा लिमयांकडे भात-आमटी जेवून जायचा. जाताना त्याने नेहमीसारखं ताट स्वतः विसळलं आणि विचारलं, "वयनी, तुमचं रिझूम कदी?"

कारखान्यात हा प्रश्न प्रत्येकाला विचारतात. गावाला चाललास? बरं, रिझूम कदी? रजेच्या कागदावर परत कामावर हजर व्हायची तारीख असते, आणि तिथली माणसं बायकोच्या वाढदिवसापेक्षा ती जपतात.

विभावरी हसली. "माझं कसलं रिझ्यूम, दगडू? मी काय ड्यूटीवर आहे?"

दगडूही हसला. सूर्यकांत मात्र पाणी प्यायला उठला.

व्हिसा लागून आला त्या दिवशी ममतावहिनींनी शिरा केला. पासपोर्ट हातोहात फिरला. स्टिकरवर चोवीस सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबर अशा तारखा होत्या. विभावरीच्या कपाळावर एक आठी पडली.

"इथे पंधरा ऑक्टोबर का लिहिलंय?"

"ती एन्ट्रीची मुदत गं," ममतावहिनी म्हणाल्या. "माझ्या आईच्या व्हिजिटवर पण अशीच होती. एवढ्या दिवसांत आत शिरायचं. शिरलं की मग तिथून मोजायचं. बारा वर्षं काढली मी इथे, व्हिसा मला शिकवू नको."

आणि खरोखरच इथल्या व्हिसाचं तसंच असतं. ज्याने आखाताचा कागद पाहिलाय तो जगातला प्रत्येक कागद तसाच वाचतो. विभावरीने सूर्यकांतकडे पाहिलं. तो स्टिकर फार वेळ बघत होता. मग म्हणाला, "करेक्ट. एन्ट्री."

विमानतळावर शुभ्राने रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं. फक्त ट्रॉलीचा दांडा सोडेना. विभावरीने एकेक बोट सोडवलं. पाचही सोडवून झाल्यावर पहिलं पुन्हा घट्ट बसलं होतं.

घेंट गावाचं वर्णन करायला पाहिजे, कारण वाचणाऱ्याची ती अपेक्षा असते. कालवे आहेत, दगडी पूल आहेत, तीन उंच मनोरे आहेत आणि कोण्या राजाच्या जन्माआधीपासून अंथरलेले गोटे आहेत. त्या गोट्यांवर विभावरीच्या बॅगेचं एक चाक पहिल्याच दिवशी गेलं. तिथून पुढे ती बॅग आणि ती, दोघी लंगडतच चालल्या. पाऊस पडत होता, कोणाला सांगून पडत नव्हता आणि कोणी त्याची दखलही घेत नव्हतं. शारजात सात वर्षं राहिलेल्या बाईला पाऊस म्हणजे सुट्टी वाटते. इथे लोक त्यात सायकली चालवत होते. सायकलवाल्याने घंटी वाजवली की ती रस्त्यातून बाजूला व्हायची ती नेमकी ट्रामच्या रुळात. खोलीतल्या हीटरवर अकरा खुणा होत्या आणि एकीचाही अर्थ कळत नव्हता, म्हणून पहिल्या रात्री ती आपल्या दोन साड्या आणि सासूबाईंनी दिलेली शाल, असं सगळं अंगावर घेऊन झोपली. जेवणात पाव. सकाळी पाव, दुपारी पावात चीज, संध्याकाळी चीज आणि सोबत पाव. तिने मेतकूट पावाला लावलं. शेजारच्या पोलिश मुलीने चाखून विचारलं की हे औषध कशावर असतं.

पण मंगळवारी खळ करायची होती. जुन्या कागदाला ठिगळ लावायचं तर गव्हाच्या सत्त्वाची खळ लागते. आठही जणांनी आपापल्या पातेल्यात घोटायला घेतली आणि सातांच्या गुठळ्या झाल्या. विभावरीची दह्यासारखी गुळगुळीत उतरली. शिकवणाऱ्या हिल्डाबाई, पासष्टीच्या, हातावर शाईचे जुने डाग असलेल्या, चमचा उलटा करून खळ पडते का पाहत राहिल्या आणि त्यांनी विचारलं की हे तुम्ही कुठे शिकलात. विद्यापीठात, असं विभावरी म्हणाली. खरं तर पिठलं करताना शिकली होती. ज्या गोष्टीसाठी सात वर्षं घरात कोणी मान वर करून पाहिलं नाही, तिने युरोपात तिला नाव मिळवून दिलं.

हिल्डाबाईंनी तिला एका चर्चमधलं बारशांचं जुनं रजिस्टर दिलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या पोरांची नावं, कसरीने अर्धी खाल्लेली. रोज चार तास ती एका पानावर वाकून बसायची. मान दुखायची आणि ते दुखणंही तिला आवडायचं, कारण ते तिचं स्वतःचं होतं.

संध्याकाळी मात्र चौकातला टेलिफोन बूथ. फोनकार्ड घालायचं आणि भर पावसात काचेच्या डब्यात उभं राहून शारजाचा संसार चालवायचा. आठवड्याभरात तिला गावातले मनोरे ओळखू येत नव्हते पण त्या बूथच्या भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा पाठ झाला.

"विभा, हिंग कुठाय?"

"पान तीन, अहो."

"पान तीनवर कापूस आहे."

"तुम्ही उलटं टाचलंय."

मग शुभ्रा यायची आणि एवढंच सांगायची, "मम्मा, आजीज एल्बो इज टू सॉफ्ट." यावर युरोपातल्या कोणत्याही ग्रंथालयात उत्तर नव्हतं. विभावरी काचेला कपाळ टेकून उभी राहायची. तरी सकाळी ती पुन्हा त्या पानावर वाकलेली असायची. दोन्ही खरं होतं. ज्यांना यातलं एकच खरं असावंसं वाटतं त्यांनी तिला भेटू नये.

सहा ऑक्टोबरला, बुधवारी, विद्यार्थ्यांनी नगरपालिकेत जाऊन राहण्याचं कार्ड काढायचं होतं. खिडकीमागे एक तरुण कारकून होता. इतका सभ्य की त्याच्याशी भांडताही येईना.

"मॅडम, तुम्हाला कार्ड कशासाठी हवंय? तुम्ही पंधरा तारखेला परत जाताय."

विभावरीने त्याला ममतावहिनींची एन्ट्रीची उपपत्ती समजावून सांगितली. त्याने अदबीने ऐकून घेतली. मग म्हणाला की ही मुक्कामाची मुदत आहे, आणि व्हिसा देणाऱ्यांनी ती तुमच्याच पत्रावरून घातली असणार. पत्राची प्रत आहे का?

होती. कंपनीच्या पाकिटात, टाचलेली. कारकुनाने पिन काढायचं हत्यार दिलं. विभावरीने पहिल्यांदाच दुसरं पान उलटलं. तिथे सूर्यकांतच्या ऑफिसातल्या रजेच्या नमुन्याचं शेवटचं वाक्य, नाव तेवढं बदलून, जसंच्या तसं होतं. सदर व्यक्ती शनिवार, दिनांक १६ ऑक्टोबर १९९९ रोजी आपल्या ड्यूटीवर पुन्हा हजर होईल.

खाली सही. खाली शिक्का.

मागे रांगेत कोणीतरी खोकलं. कारकुनाने तिला पाणी हवंय का विचारलं. तिने नको म्हटलं आणि थँक यू म्हटलं, कारण अपमान गिळताना तोंडातून निघतं ते बहुधा थँक यूच असतं.

बूथ. कार्डावर अकरा मिनिटं शिल्लक होती.

"अहो, दुसऱ्या पानावर तारीख का टाकलीत?"

"कोणती तारीख?" आणि मग, "ती होय. अगं ती फॉरमॅटमध्ये असते. रिझ्यूमिंग डेट नसली तर कागद अपूर्ण दिसतो."

"सोळाच ऑक्टोबर का?"

"तीन आठवडे होतात. आमच्याकडे एका वेळी तीन आठवड्यांच्या वर एमडीच्या सहीशिवाय देताच येत नाही. मी म्हटलं, नंतर एक्स्टेंशन घेऊ. फॅक्सने होतं."

"आपल्या घरात एमडी कोण आहे?"

पलीकडे टीव्हीचा आवाज, सासूबाईंचं कोणालातरी 'बस गं' म्हणणं.

"विभा, मी मुद्दाम केलं असं तुला वाटतं का?"

"व्हिसा आला तेव्हा तुम्ही स्टिकर बघत होतात. फार वेळ."

"बघत होतो." तो खाकरला. "नऊ महिने लिहायला बसलो होतो. खरं सांगतो. हात वळला नाही."

हे तो इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला की तिला त्याचा राग करायलाही जागा उरली नाही. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. कार्डावर अजून सहा मिनिटं होती. त्यात तो हवामानाबद्दल बोलला.

पुढचे नऊ दिवस फॅक्सचे. सूर्यकांतने नवी एनओसी पाठवली, या वेळी मनापासून, तारखेशिवाय, आणि एम्बसीने ती परत पाठवली कारण तारीख नव्हती. मग तारखेसकट पाठवली. तर उत्तर आलं की मुदत वाढत नाही, नवा अर्ज राहत्या देशातून करावा, आठ आठवडे लागतील. कोर्सच्या ऑफिसने कळवलं की आठ आठवडे गैरहजर विद्यार्थ्याची जागा पुढच्या नावाला जाते आणि पुढचं नाव लिस्बनमध्ये बॅग भरून बसलेलं आहे. सगळे नियमाने वागत होते. या गोष्टीत शोधूनही एक दुष्ट माणूस सापडत नाही, हीच तिच्यातली मोठी गैरसोय आहे.

शेवटच्या दिवशी ते पान अर्धंच झालं होतं. हिल्डाबाईंनी त्याच्यावर पातळ कागद पसरला आणि स्वतःच्या खिशातली, कागद दाबून बसवायची हाडाची चपटी घोटणी काढून विभावरीच्या हातात दिली. चाळीस वर्षं वापरून बोटाच्या आकाराला झिजलेली. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी परत आणून दे." त्यांनाही नियम माहीत होते.

शारजाच्या विमानतळावर बॅग उचलायला सूर्यकांतबरोबर दगडू आला होता. त्याने मोडक्या चाकाकडे पाहिलं, मग मनापासून कौतुकाने म्हणाला, "वयनी, टायमावर रिझूम झालात. आमच्यात कोन टायमावर येत न्हाय."

शनिवारी, सोळा ऑक्टोबरला, पहाटे साडेपाचला विभावरीने दोन डबे भरले. हिंग होता तिथेच होता. दहा वाजता ममतावहिनी आल्या, चॉकलेटं आणली का बघायला.

"बरं झालं बाई, युरोप बघून झालं तुझं एकदाचं. आरसा आणलास?"

"नाही, वहिनी."

"आणि त्या व्हिसाचं असं कसं काय झालं? मी तर तेव्हाच म्हटलं होतं, नीट वाचून घ्या."

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांचा व्हिसा अजून महिनाभर होता, आणि आता त्यांचं काम काय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वहिनी गेल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याकडे बघत म्हणाल्या, "मी किशला पण जाऊन बसले असते गं." इतकंच. मग त्यांनी तिच्या हातातून पोळपाट काढून घेतला.

संध्याकाळी सूर्यकांत नवी फाइल घेऊन आला. हिरवी. वर मोठ्या अक्षरात त्याने 'बेल्जियम २०००' असं लिहिलं होतं. "या वेळी फॉरमॅट मी स्वतः ड्राफ्ट करणार," तो म्हणाला. "फ्रेश. काहीही कॉपी नाही." आणि तिच्या उत्तराची वाट बघत तो फाइलच्या कडा सारख्या करत राहिला. तिने मान हलवली. ती कोणत्या दिशेने हलली हे त्याने विचारलं नाही. हॉलमधून आवाज आला, खट्ट.

विभावरी आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती. सासूबाईंच्या उघड्या बॅगेशेजारी तिची बॅग होती, तीही उघडी. दोन साड्या, शाल, मेतकुटाची अर्धी बाटली. कपाट दोन हातांवर होतं. हातात हाडाची घोटणी होती आणि ती या घरात कुठे ठेवायची असते हे तिला सुचत नव्हतं. ओट्यावर ठेवली तर कोणीतरी तिने पोळी उलटेल.

शुभ्रा आली आणि मांडीत बसली. तिने आईचं कोपर शोधलं, चिमटीत धरलं, खात्री करून घेतली. मग एका बॅगेकडे पाहिलं. मग दुसऱ्या.

"मम्मा," ती अगदी समजूतदारपणे म्हणाली, "आजीज इज फिफ्टीन्थ नोव्हेंबर. हाऊ मेनी डेज लेफ्ट इन युअर व्हिजा?"